परत गरम होणार नाही ना?

कॅनडात एडमंटन किंवा विनिपेगसारख्या शहरात हिवाळ्यात गेलेल्या आपल्याकडच्या माणसाला एक गोष्ट हमखास चमत्कारिक वाटेल. पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या गाड्यांच्या पुढच्या जाळीतून विजेची वायर लोंबत असते आणि तिच्या टोकाला इस्त्रीला असते तशी पिन. रात्री गाडी लावली की मालक ती पिन सॉकेटमध्ये खोचतो आणि घरात जातो. कितीतरी पार्किंगमध्ये त्यासाठी सॉकेटचे खांबच उभे केलेले आहेत. या गाड्या विजेवर चालणाऱ्या नसतात, साध्या पेट्रोल-डिझेलच्या असतात. इंजिनाभोवती फिरणारं पाणी, ज्याला आपण कूलंट म्हणतो, ते कोमट ठेवायचं, एवढंच त्या वायरीचं काम. अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटा राज्यात ग्रँड फोर्क्सला राहणाऱ्या अँड्र्यू फ्रीमन यांनी इंजिन गरम ठेवणाऱ्या अशा एका हीटरचं पेटंट १९४९ साली मिळवलं. तिकडे पारा उणे तीसपर्यंत उतरतो. ऑइल घट्ट होतं, बॅटरीचा जोर जातो, आणि पिन खोचायची राहिली तर सकाळी गाडी जागची हलत नाही.

जुन्या डिझेल गाडीला हा हीटर बसवणं तसं अवघड नाही. इंजिन पूर्ण थंड असताना कूलंट काढून घ्यायचं, खालचा होज पाइप योग्य जागी कापायचा, मधे हीटर घालून दोन्हीकडून क्लिपा आवळायच्या. हीटर होईल तितका खाली हवा, कारण तापलेलं पाणी आपोआप वर चढतं आणि थंड पाणी त्याच्या जागी खाली येतं; पंप न चालवताही फेरा सुरू राहतो. मग कूलंट भरायचं, आत अडकलेली हवा काढायची. अर्थिंग धड नसेल तर पिन लावायची नाही, आणि पाणी नसताना तर मुळीच नाही, एलिमेंट जळून जातं. हजार वॉटचा हीटर दोन तास चालला तर दोन युनिट वीज.

आता हा हीटर आपल्या वीस-पंचवीस वर्षांच्या ट्रॅक्सला बसवावा का, असं उमरग्याच्या किंवा तुळजापूरच्या एखाद्या गॅरेजात विचारून बघा. मिस्तरी आधी तुमच्याकडे नीट बघेल, मग पोराला चहा आणायला पाठवेल. धाराशिव जिल्ह्यात गाडीचं दुखणं म्हटलं की ते उन्हाचं. एप्रिल-मे महिन्यात सोलापूरकडून तुळजापूरचा घाट चढताना बॉनेट उघडून वाफ सोडत उभी असलेली गाडी बघितली नाही असा माणूस इकडे सापडायचा नाही. इथे इंजिन तापवायला वीज घालायची म्हणजे लग्नात रडायला माणसं भाड्याने आणण्यासारखं.

मलाही तो हीटर इथे बसवावा असं वाटत नाही. पण प्रश्न हसून सोडून देण्यासारखा नाही, कारण त्याच्या मागे मागे गेलं की आपण एका वेगळ्याच ठिकाणी पोचतो.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पेट्रोलच्या गाडीसारखा स्पार्क प्लग नाही. पिस्टन आतली हवा इतक्या जोरात दाबतो की ती हवाच तापून लाल लोखंडासारखी होते आणि तिच्यात डिझेलचा फवारा मारला की तो आपसूक पेटतो. रुडॉल्फ डिझेलला १८९३ साली पेटंट मिळालं ते याच युक्तीचं. पण सिलिंडरच्या भिंती गार असतील तर दाबलेल्या हवेची उष्णता त्या भिंतीच पिऊन टाकतात. मग काही डिझेल पेटतं, काही अर्धवट जळतं आणि काही तसंच धुरातून बाहेर पडतं. सकाळी गाडी सुरू केल्यावर मागून जो पांढरा, डोळ्यांत झोंबणारा धूर येतो, तो म्हणजे न जळलेलं डिझेल.

इंजिनाला सुखाचं तापमान ऐंशी ते नव्वद अंश. त्याच्या दृष्टीने एडमंटनचे उणे वीसही थंड आणि डिसेंबरात पहाटे धाराशिवला असतात ते दहा-बारा अंशही थंडच. फरक एवढाच की तिथे गाडी सुरू होत नाही आणि इथे कुरकुरत का होईना, होते.

ही कुरकुर आपल्या लोकांना चांगली माहीत आहे. रात्री जीप उताराला लावायची, म्हणजे सकाळी सेल्फने दगा दिला तरी गिअर टाकून सोडता येते. हीटर प्लगचा दिवा विझेपर्यंत अर्धी किल्ली धरून थांबायचं. एखादा हिकमती ड्रायव्हर एअर फिल्टर काढून हवेच्या तोंडाशी पेटता बोळा धरतो. हे करू नये, पण करतात. आणि सगळ्यात जुना उपाय म्हणजे बंबातलं कढत पाणी रेडिएटरमध्ये ओतणं. फ्रीमनसाहेबांच्या हीटरचं ते बिनविजेचं रूपच म्हणायचं. (पहाटे उठून तो बंब पेटवणारी बाई आणि तिने सरपणासाठी केलेली पायपीट गाडीच्या खर्चाच्या वहीत कुठे लिहिलेली नसते, हे जाता जाता.)

पण खरी गोष्ट याच्या पुढे आहे. कूलंट इंजिनातून रेडिएटरकडे जातं त्या वाटेवर एक छोटं दार असतं. थर्मोस्टॅट. आपले मिस्तरी त्याला नुसतं 'वॉल' म्हणतात. आत मेणाची एक डबी. पाणी ऐंशीच्या आसपास तापलं की मेण वितळून फुगतं आणि दार उघडतं. तोवर बंद राहून इंजिनाला लवकर गरम होऊ देतं. म्हणजे गाडीला तिचं योग्य तापमान मिळावं यासाठी कारखान्यातूनच केलेली ही सोय आहे. थंड देशातला हीटर जे काम गाडी सुरू होण्याआधी करतो, त्याचीच पुढची पायरी हे दार गाडी सुरू झाल्यावर सांभाळतं.

आणि आपल्याकडे जुन्या गाड्यांतून सर्रास काढून टाकलेली वस्तू कोणती असेल, तर हीच.

गाडी एकदा घाटात तापते. मिस्तरी बघतो. कदाचित रेडिएटर बोअरच्या पाण्यातल्या क्षारांनी भरलेला असतो, कदाचित फॅनचा पट्टा सैल असतो, कदाचित खरंच तो वॉल चिकटलेला असतो. कारण काहीही असो, वॉल निघतो. "काढून टाकला मालक, आता टेन्शन नाही." मालक एकच प्रश्न विचारतो, "परत गरम होणार नाही ना?" मिस्तरी म्हणतो, नाही. आणि बहुतेक वेळा तो खरं सांगत असतो. (काही इंजिनांत वॉल काढल्यावर पाणी रेडिएटर टाळून मधल्या वाटेनेच फिरत राहतं आणि गाडी उलट जास्त तापते. पण तो वेगळा विषय.) गाडी परत गरम होत नाही. ती आता नीट गरम कधीच होत नाही. डिसेंबरच्या पहाटे धाराशिवहून कळंबला निघालेली गाडी निम्मी वाट थंडच चालते. डिझेल पूर्ण जळत नाही, ते सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन टाकतं, आत वाफेचं पाणी साठतं, ते गंधकाशी मिळून आम्ल होतं आणि लोखंड खात बसतं. काट्याकडे बघून ड्रायव्हर खूश असतो, काटा खाली आहे.

दोन-तीन वर्षांनी गाडी ऑइल खायला लागते. पिकअप जातो. धूर मारते. मग 'इंजिनाचं काम निघालं', बोअर-पिस्टन करायचे. ते काम निघण्याचं कारण म्हणून कोणी त्या वॉलचं नाव घेत नाही. घेणार तरी कसं? दोन्हींच्या मध्ये हजारो किलोमीटर गेलेले असतात, दोन मालक बदललेले असतात. गाडी जुनी झाली, असं सगळे म्हणतात, आणि ते खोटंही नसतं.

मला यात दिसणारा नैतिक प्रश्न असा आहे. एक नुकसान असं की जे घडलं तर आवाज होईल, वाफ निघेल, रस्त्यात चौदा माणसं खाली उतरतील आणि बोट थेट एका माणसाकडे जाईल. दुसरं नुकसान असं की जे रोज थोडं थोडं होईल, एकूण कदाचित जास्त होईल, पण ज्याचा आरोप कधीच कोणावर येणार नाही. पहिलं टाळण्यासाठी दुसरं ओढवून घेणं, आणि तेही बहुधा दुसऱ्यांच्या वाट्याला, हे बरोबर आहे का?

मिस्तरीला गुन्हेगार ठरवून मोकळं होणं सोपं आहे, पण मी त्याची बाजू आधी मांडतो. वॉलची किंमत काहीशे रुपये. पण तालुक्याच्या दुकानात मिळणारा वॉल अस्सल असेलच याची खात्री नाही. समजा त्याने इमानदारीने नवा वॉल बसवला आणि तो बंद अवस्थेत अडकला. गाडीत वऱ्हाड आहे, मे महिना आहे, हेड गॅस्केट उडालं. आता मालक शिव्या कोणाला घालणार? वॉल बसवणाऱ्याला. वॉल काढून टाकणाऱ्याला आजवर कोणी शिवी घातलेली नाही. चांगलं काम केल्यावर धोका आणि वाईट काम केल्यावर निश्चिंती, अशी व्यवस्था आपण त्याच्यासाठी केली आहे, आणि मग त्याने ज्ञानाने वागावं अशी अपेक्षा करतो. गावातल्या डॉक्टरचंही असंच होतं. साध्या सर्दीला सलाइन लावलं नाही आणि चार दिवस ताप राहिला, तर डॉक्टरला काही येत नाही. सलाइन आणि दोन इंजेक्शनं दिली आणि चार दिवसांनी, जसा उतरणारच होता तसा, ताप उतरला, तर हाताला गुण आहे. जास्तीच्या औषधाने जे बिघडतं ते कोणाच्या नावावर चढत नाही.

म्हणून मला दोष त्या प्रश्नात दिसतो. 'परत गरम होणार नाही ना?' गॅरेजात उभा राहून 'थंड तर राहणार नाही ना?' असं विचारणारा मालक मी ऐकलेला नाही. मिस्तरी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देतो.

कॅनडातले लोक आपल्यापेक्षा शहाणे आहेत, यंत्राची कदर करतात, वगैरे निष्कर्ष इथे काढायचा मोह होतो. तो खोटा आहे. त्यांची थंडी ओरडते, म्हणून ते हीटर बसवतात. पिन खोचली नाही तर सकाळी कामावर जाता येत नाही. शिक्षा बारा तासांत आणि स्वतःलाच. त्याला शिस्त म्हणायचं कारण नाही. आपली थंडी बोलत नाही, एवढंच. माणूस सगळीकडे सारखाच आहे, ज्या नुकसानाला आवाज आहे त्याचाच बंदोबस्त करतो.

कायदासुद्धा याला अपवाद नाही. डिझेल गाडीची पीयूसी करायला जाता तेव्हा काय होतं ते आठवा. इंजिन चांगलं गरम करून घेतात, मग अ‍ॅक्सिलरेटर दाबून धूर मोजतात. मोजणीच्या शास्त्राला ते धरूनच आहे. सगळ्या गाड्या एका अवस्थेत मोजायला हव्यात. पण त्यामुळे गल्लीत पहाटे दहा मिनिटं निघणारा, सगळ्यात वाईट, थंड इंजिनाचा धूर कोणत्याही कागदावर येत नाही. गाडी 'पास' असते. आरसी बुकावर गाडीचं वय दिसतं, पंधरा वर्षं झाली की नव्याने नोंदणी करायची, पर्यावरण कर भरायचा. पण त्या गाडीत वॉल आहे की नाही, हे विचारणारा रकाना नाही. निगा राखलेली वीस वर्षांची गाडी आणि निगा न राखलेली आठ वर्षांची गाडी यांत कायद्याला पहिलीच संशयास्पद वाटते. वय मोजता येतं. निगा मोजणं कटकटीचं असतं.

तो धूर जातो कुठे? ड्रायव्हरच्या पुढे नाही, मागे. 'जरा गरम होऊ दे' म्हणून गाडी दारात सुरू ठेवून तो आत चहा प्यायला जातो, तेव्हा मागच्या घराच्या ओसरीवर कोणीतरी दप्तर भरत असतं. डिझेलचा धूर माणसात कर्करोग घडवतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली निःसंदिग्ध गटात नोंदवलं. आणि गंमत म्हणजे उभ्या उभ्या चालू ठेवून डिझेल इंजिन फारसं गरम होतही नाही, त्यावर भार नसतो. मिनिटभर थांबून हळू निघालं तर ते लवकर तापतं. ती दहा मिनिटं इंजिनालाही नको असतात आणि ओसरीवरच्या पोरालाही.

'एवढ्याने काय होतंय?' असं यावर उत्तर येतं. डेरेक पारफिट नावाच्या इंग्रज तत्त्वज्ञाने १९८४ सालच्या आपल्या ग्रंथात या उत्तरावर एक भयंकर उदाहरण रचलं आहे. हजार छळणारे आहेत आणि हजार बळी. आधी प्रत्येक छळणारा आपापल्या एका बळीला रोज असह्य वेदना देत असतो. मग यंत्र बदलतं. आता प्रत्येकाने एक बटण दाबलं की हजारही बळींच्या वेदनेत कणभर, कळणारही नाही इतकी, भर पडते. हजार जणांनी हजार बटणं दाबली की बळींचे हाल होते तेवढेच होतात. पण आता प्रत्येक छळणारा म्हणू शकतो की माझ्या बटणाने तर कोणाला काही कळलंसुद्धा नाही. पारफिटचं म्हणणं, हे दुसरे छळणारेही पहिल्यांइतकेच चुकतात.

मला हे उदाहरण पटतं, पण धाराशिवच्या गल्लीत ते जसंच्या तसं उतरत नाही. पारफिटच्या माणसांना बटण दाबून काही मिळत नव्हतं. ट्रॅक्सवाल्याचं पोट त्या गाडीवर आहे. बजाज टेम्पोने मर्सिडीजच्या ओएम ६१६ या इंजिनाच्या परवान्यावर बनवलेलं ते जुनं, जाडजूड यंत्र अजून चालतं, कोणताही मिस्तरी ते उघडू शकतो, आणि नवी गाडी घ्यायची त्याची ऐपत नाही. शिवाय आहे ती गाडी चालवत राहणं म्हणजे नवं लोखंड न वितळवणं, हेही त्याच्या खात्यात जमेला धरायला हवं. एसीच्या गाडीत काच वर करून बसलेल्याने त्याला धुराबद्दल शिकवावं, यातली अप्रतिष्ठा मला कळते. शेतातला पाचट जाळल्याचा धूर, चुलीचा धूर, बायपासवरच्या ट्रकांचा धूर. या सगळ्यात याचा तेवढा वेगळा काढून दाखवा, असं तो म्हणाला तर मी काढून दाखवू शकणार नाही.

त्याच्याकडून गाडी भंगारात घालण्याची अपेक्षा करणं अन्यायाचं होईल. पण इथे मागणी तेवढी मोठी नाहीच. काहीशे रुपयांचा वॉल, चालू हीटर प्लग, बोअरच्या पाण्याऐवजी कूलंट. जी गोष्ट ऐपतीबाहेरची असते तिच्याबद्दल माणसाला दोष देता येत नाही. जी ऐपतीत असूनही केवळ कोणी विचारत नाही म्हणून राहून जाते, तिच्याबद्दल काय म्हणायचं?

तेर याच जिल्ह्यात आहे. जुन्या काळचं तगर, आणि संत गोरोबा काकांचं गाव. त्यांची कथा आपल्याला लहानपणी सांगितलेली असते. पत्नी पाण्याला गेलेली, गोरोबा विठ्ठलाच्या नामात दंग होऊन चिखल तुडवताहेत, रांगतं मूल कधी त्या चिखलात आलं ते कळलंच नाही. कथेत ती भक्तीची परिसीमा म्हणून येते आणि शेवटी पांडुरंग मूल परत देतो. मला मात्र त्या कथेत कधीही न विसरता येणारी गोष्ट वाटते ती ही की तुडवणाऱ्याच्या मनात कणभरही वाईट नव्हतं. डोळे मिटलेले होते, मन चांगल्या ठिकाणी होतं, आणि पायाखाली काय आहे ते आवाजाने सांगितलं नाही. कथा ऐकणाऱ्यांपैकी कोणी गोरोबांना दोषी म्हणत नाही. पण कथा त्यांना सोडतही नाही; घरात आकांत होतो, पत्नी बोल लावते, पुढे त्यांना आपले हातही गमवावे लागतात. हेतू शुद्ध होता एवढ्यावर ती विषय मिटवत नाही. आपल्या परंपरेने हा हिशेब इतका काटेकोर ठेवला आहे आणि आपण मात्र 'मुद्दाम कुठे केलं?' एवढ्यावर सुटका करून घेतो.

कोणी म्हणेल, एका मेणाच्या डबीवर किती चढवता. असेल. पण हाच हिशेब मी पाण्याच्या बोअरबद्दल, पाठीला बाक येईपर्यंत फोनमध्ये वाकण्याबद्दल, रोज 'उद्या बघू' म्हणून पुढे ढकललेल्या बापाच्या खोकल्याबद्दलही मांडू शकतो. आठशे फूट खाली गेलेला बोअरही असाच. पहिल्या बोअरने कोणाचीच विहीर आटली नव्हती.

तर हीटर नको. कॅनडाला जाणार असाल तर तिकडे बघा. इथे मिस्तरीकडे जाऊन 'वॉल आहे का आत?' एवढं विचारायचं. नसेल तर अस्सल आणायचा, रेडिएटर धुऊन घ्यायचा, फॅनचा पट्टा बघायचा, आणि मिस्तरीला आधीच सांगून ठेवायचं की गाडी तापली तर तुला बोलणार नाही. हे शेवटचं बोलणं सगळ्यात अवघड आहे आणि त्याशिवाय बाकीचं होत नाही.

वॉल चांगला आहे की नाही, हे बघायला मिस्तरीही लागत नाही. एका पातेल्यात पाणी घ्या, दोऱ्याला बांधून वॉल त्यात तळाला टेकणार नाही असा सोडा, गॅस बारीक ठेवा. बराच वेळ काही होत नाही. पाण्याला उकळी फुटायच्या थोडं आधी, तळाशी बुडबुडे धरायला लागले की मधली चकती सरकायला लागते, जेमतेम बोटाच्या पेराच्या निम्मी, आणि पाणी निवताना परत बसते. सरकताना आवाज अजिबात येत नाही, म्हणून बघत उभं राहावं लागतं.